लाल पट्टी

वैष्णवीने एका हाताने काठी उगारून कावळा हाकलला आणि दुसऱ्या हाताने कानातला इयरफोन नीट बसवला. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मैनाकाकीने तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या, आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडखाली वैष्णवीचं ऑफिस होतं. एक टेबल, एक खुर्ची, एक पंखा. शेणवे गावात नेट नीट चालायचं ते एवढ्याच कोपऱ्यात. त्यामुळे कंपनीचं काम आणि काकीच्या फेण्यांची राखण अशा दोन्ही नोकऱ्या ती एकाच खुर्चीतून करत होती.

कानात प्रणित बोलत होता. तो ठाण्याच्या ऑफिसात बसायचा आणि तिचा साहेब होता. वयाने दोनेक वर्षांनीच मोठा, पण बोलताना सुस्कारे सोडायची साहेबी सवय त्याला आत्तापासूनच लागली होती.

"निलंबित खाती पुसायचीत," तो म्हणाला. "दोनदा प्रयत्न झालाय. दोन्ही वेळा सर्व्हर भरदुपारी आडवा झाला. चालू ऑर्डरी अडकल्या, वरून शिव्या बसल्या आणि काम तसंच राहिलं. आता तू बघ."

"किती आहेत?"

"लाखाच्या वर. एकदम पुसायला गेलं की सर्व्हरवर ताण येतो. त्याला कळूसुद्धा न देता पुसायचं. जमेल?"

"जमेल," वैष्णवी म्हणाली. ती कामात हुशार होती, आणि हुशार माणसाच्या तोंडून हा शब्द विचार करायच्या आधीच निघून जातो.

कंपनीचं ॲप घरगुती पदार्थ विकणाऱ्या बायकांसाठी होतं. बाईने आपल्या नावाचं खातं उघडायचं, फोटो टाकायचे, डोंबिवली-ठाण्याच्या गिऱ्हाइकाने मागवायचं आणि कंपनीने मधला वाटा घ्यायचा. कॉलेजात असताना वैष्णवीनेच गावातल्या नऊ बायकांना गोळा करून त्यांची खाती उघडून दिली होती. मैनाकाकी त्यात पहिली. काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको, घर शेजारीच. त्याआधी ती भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. पहाटे टेंपो यायचा, अंधारातच बायका त्यात उभ्याने कोंबायच्या आणि दिवसभर उभ्यानेच खोकी चिकटवायची. काकीची कंबर तिथेच गेली. ॲपवर फेण्या, नाचणीचे पापड आणि कुरडया खपायला लागल्यावर तिने टेंपोला रामराम ठोकला. वैष्णवीला पुढे त्याच कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत तिने काकीची गोष्ट सांगितली होती, तेव्हा समोरची माणसं खूश होऊन एकमेकांकडे बघत होती.

आणि दिवाळी सरल्यावर एका सकाळी नवाच्या नऊ खात्यांवर लाल पट्टी आली. ‘आपले खाते निलंबित करण्यात आले आहे.’

कारण वैष्णवीला दुसऱ्या कोणी सांगावं लागलं नाही. कंपनीने बोगस खाती पकडायचा नवा नियम आणला होता. एकाच फोनवरून उघडलेली अनेक खाती, एकच गाव आणि एकच जन्मतारीख दिसली की समजायचं, एकच लबाड माणूस नऊ मुखवटे घालून बसलाय. फोन एकच होता, कारण तेव्हा चालेलसा फोन वैष्णवीकडेच होता. आणि जन्मतारीख एकच होती, कारण शाळेत नाव घालताना मुलीचा जन्म कधीचा हे कुणाच्या आईला आठवायचं नाही. आई म्हणायची, "भात कापायला आलेला तवा झाली." गुरुजी भात कापल्याची तारीख काय लिहिणार? ते सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. मग शाळेच्या दाखल्यावरून तीच आधारवर गेली. त्या हिशोबाने अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला होता. यात गावाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं, पण ठाण्यात बसून नियम लिहिणाऱ्याला वाटलं.

तेव्हाच तिने ऑफिसात सांगायला हवं होतं. पण त्या नऊ खात्यांमागचा लबाड माणूस म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो फोन तिचा होता, आणि नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. भावाच्या शिक्षणापासून वडिलांच्या गुडघ्याच्या औषधापर्यंत सगळं घर त्या खुर्चीवर बसलेलं होतं. तिने काकीच्या फोनवरून नऊ रीतसर तक्रारअर्ज पाठवले आणि स्वतः गप्प बसली. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे’ एवढं उत्तर लगेच आलं होतं. पुढे काहीच आलं नाही.

काकी जिना चढून वर आली. कमरेवर हात ठेवून ती कठड्याशी क्षणभर उभी राहिली, मग खाली बसून एकेक फेणी उलटायला लागली.

"साहेब काय बोलतो?"

"काम दिलंय. बंद पडलेली खाती काढून टाकायची."

काकीचा हात थांबला. "आमची नाय ना त्यात?"

"तुमचे अर्ज गेलेत ना काकी. ते आधी बघतील."

"मंग बरं." ती पुन्हा फेण्यांकडे वळली. "काढून टाकायची त्याला येवढा कसला विचार करतंस? एक बटन दाबलं का झालं."

"तसं नाही. सगळी एकदम काढली तर मशीनला भार होतो. बंदच पडतं ते. म्हणून थोडी थोडी काढायची, त्याला त्रास न होता."

"मशीनला पण भार होतो?" काकी हसली. "गोडाऊनात आमाला कोनी नाय इचारलं भार होतो का. बाईपरास मशीन नाजूक निघालं गो तुझं."

वैष्णवीही हसली. काकीचं बोलणं लागलं, पण हसण्यावारी नेण्याइतकंच.

"त्या गोडाऊनच्या सुपरवायझरचा फोन आलेला," काकी खाली मान घालूनच म्हणाली. "होळीच्या आदी ये, नायतर दुसरी बाई घेतो बोलला. मी सांगितलं, नाय येत. आमची वैशी बोललीय, होळीपातूर खातं उघडंल."

असं आपण नेमकं कधी म्हणालो ते वैष्णवीला आठवेना. ‘होळीपर्यंत होईल बहुतेक,’ असं काहीतरी ती जाता जाता बोलली असेल. त्यातला ‘बहुतेक’ काकीने तिथेच सोडला होता आणि उरलेल्या शब्दांवर अख्खी गच्ची भरून फेण्या घातल्या होत्या.

पुढचे काही दिवस वैष्णवी त्या कामात बुडून गेली. ते काम तिला आवडलं, खोटं कशाला बोला? लहानपणी पावसात ती वडिलांबरोबर खाचरात जायची. ते बांधाला फावड्याने तोंड पाडून वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात सोडायचे आणि पोरीला शिकवायचे, "एकदम नको सोडू, खालचा बांध फुटंल. जरासं सोड आनी बघत रहा. खाली पाणी चढलं का चिखल लाव. उतरलं का तोंड मोठं कर." तिने प्रोग्रॅम बरोबर तसाच लिहिला. मूठभर खाती उचलायची, पुसायची, थांबायचं आणि सर्व्हरकडे बघायचं. त्याच्यावर गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर हात आखडायचा. गर्दी ओसरली की मूठ मोठी करायची. आधीच्या दोघांनी नुसती रात्रीची वेळ लावून दिली होती आणि काम दुपारपर्यंत लांबून सर्व्हरच्या उरावर बसलं होतं. तिचं काम वेळेवर अवलंबून नव्हतंच, ते बघून बघून चालणारं होतं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हां" म्हणाले, पण संध्याकाळी पारावर दोन माणसांना सांगून आले.

सगळं लिहून झाल्यावर तिने एक ओळ घातली. ही नऊ खाती सोडून द्यावीत. ओळीखाली नऊ नंबर ओळीने बसले. प्रोग्रॅम चालू करण्याआधी प्रणित तो वाचणार होता. हीच नऊ का, असं तो विचारणार होता. मग गाव, मग फोन, मग ती. तिने ओळ पुसली आणि फोन लावला.

"ज्यांचे तक्रारअर्ज पडून आहेत, ती सगळीच खाती वगळू या का?"

"त्यात निम्म्याहून जास्त आली. मग पुसायचं काय?" प्रणितने सुस्कारा सोडला. "नियम साधा आहे. तीन महिन्यांवर निलंबित असलं की जायचं. अर्जांचं तक्रार विभाग बघेल."

"तक्रार विभागात आता एकच माणूस उरलाय."

"मग तो बघेल."

"त्यात खरी माणसं असली तर?"

"सुक्याबरोबर ओलं जळतंच, वैष्णवी. तू तुझं काम चोख केलंयस. चालू कर."

तिने मग एक पळवाट काढली, आणि ती कुणाला दाखवायचीही गरज नव्हती. जी सर्वांत आधी निलंबित झाली ती आधी पुसायची, असा क्रम लावला. काकी आणि बाकीच्या बायकांची खाती दिवाळीनंतर निलंबित झालेली, म्हणजे रांगेत पार शेवटाला. रोजच्या गर्दीत, या संथ गतीने, तिथे पोचेपर्यंत पाऊस आला असता. तोवर तक्रार विभागातला तो एकटा माणूस नक्की जागा होईल, असं तिने स्वतःला समजावलं. आपलं काम संथ आहे म्हणून ते दयाळूही आहे, असंच तिला वाटायला लागलं होतं. त्या दुपारी तिने कावळे हाकलताना गाणंसुद्धा गुणगुणलं.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. होळी जवळ आली तशी ॲपवर पुरणपोळ्यांच्या मागण्यांची झुंबड उडाली. सर्व्हर धापा टाकत होता आणि वैष्णवीचं काम शहाण्या माणसासारखं हात आखडून बाजूला उभं होतं. रांग जेमतेम सरकत होती. ती रोज सकाळी बघायची आणि निश्चिंत व्हायची. त्याच वेळी खाली अंगणात काकी तुळशीला पाणी घालण्याआधी आपला फोन उघडून बघायची. लाल पट्टी तशीच असायची. काकी फोन पदराने पुसून ठेवून द्यायची आणि पिठाच्या कामाला लागायची. फेण्या झाल्या, कुरडया झाल्या, नाचणीच्या पापडांसाठी रखमी आणि बाईजा लाटणी घेऊन येऊ लागल्या. त्या दोघींच्या फोनवरही लाल पट्टी होती. काकीच्या घरातले पत्र्याचे डबे भरले, तेव्हा ती वैष्णवीच्या आईकडे मोकळे डबे मागायला आली.

होळीच्या दिवशी तरण्या पोरांनी रानातून सावरीचा सोट आणून माळावर उभा केला. संध्याकाळी बायकांनी नैवेद्य आणले. होळी पेटल्यावर काकीने कंबर विसरून फेर धरला आणि वैष्णवीला हाताला धरून आत ओढलं. फोन घरी, लॅपटॉप बंद, सुट्टी. ती मनापासून नाचली. ज्वाळा वर चढल्या तेव्हा काकीने नारळ टाकला, हात जोडले आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्यासाठी मागितलं गो. आमच्यासाठी तू हायस."

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी वैष्णवी चहा घेऊन गच्चीवर गेली आणि सवयीने लॅपटॉप उघडला. प्रणितचा निरोप येऊन पडला होता.

‘सुंठीवाचून खोकला गेला! सगळं पुसून झालं. सर्व्हरला कळलंसुद्धा नाही. मस्त काम.’

तिला आधी ते खरं वाटेना. रांग उघडली तर रांग संपलेली होती. मग तिने कालचा सर्व्हरचा आलेख काढला. पुरणपोळ्या आदल्या दिवशीच पोचत्या झाल्या होत्या. होळीच्या दुपारपासून ना कोणी विकत होतं, ना कोणी मागवत होतं. सगळं जग सुट्टीवर. सर्व्हर रिकामा पडला होता आणि तिच्या प्रोग्रॅमने ते बरोबर हेरलं होतं. पाणी उतरलं की तोंड मोठं कर. त्याने तोंड मोठं केलं होतं, आणखी मोठं केलं होतं. ती माळावर फेर धरून नाचत असताना अख्खं खाचर वाहून गेलं होतं. कुठे चूक नव्हती. तिने शिकवलं होतं तसंच ते वागलं होतं.

आधीच्या दोघांचा तिला विलक्षण हेवा वाटला. त्यांना काम जमलं नव्हतं, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्यांच्या त्या गबाळेपणाच्या आडोशाने लाखभर खाती तगून राहिली होती. तिला मात्र जमलं होतं.

तिने काकीचा नंबर टाकून शोधलं. काही नव्हतं. रखमीचं नव्हतं. बाईजाचं नव्हतं. ‘फेणी खाल्ली आणि आईची आठवण झाली’ असं डोंबिवलीच्या कुणी बाईने लिहिलं होतं, काकी ते येईल-जाईल त्याला वाचायला लावायची, तेही नव्हतं. तिने प्रणितला फोन लावला. मागे धुळवडीचा गोंगाट होता.

"पुसलेलं परत आणता येईल का? समजा, आणायचंच झालं तर?"

"नाही गं. कॉपी ठेवायचीच नाही, नियमच आहे तसा. का?"

"आणि आधार नंबर?"

"तेवढे राहतात, बंदीच्या यादीत. नाहीतर तेच बोगस लोक उद्या नवीन खातं उघडतील. ती तर आपली सगळ्यात पक्की सोय आहे, त्या नंबरांना दार कायमचं बंद." मग त्याने विचारलं, "तुझ्या ओळखीचं कोणी होतं का त्यात?"

गच्चीवर फेण्या उन्हात पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. वैष्णवीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

तिने फोन ठेवला. स्वतःची इतकी किळस तिला कधी वाटली नव्हती. कावळा येऊन फेणी उचलून गेला तरी तिचा हात काठीकडे गेला नाही.

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. एकीच्या नव्हत्या, पुष्कळजणींच्या होत्या. पुढे मैनाकाकी, गालाला गुलाल, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात झाकलेली थाळी. मागून रखमी, बाईजा, वत्सला आणि बाकीच्या. काकी धापा टाकत होती, पण कमरेवर हात ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"वैशे, लाल पट्टी गेली गो."

तिने फोन पुढे केला. खरंच पट्टी नव्हती. पडदा हिरवागार झाला होता. वर दोन हात जोडलेलं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. काकी चौथी शिकलेली. अक्षरांवर बोट ठेवून तिने ते सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवलं.

"आपले... स्वागत... आहे."

"माझ्याबी फोनवर तसंच आलंय," रखमी म्हणाली.

"होळीनं ऐकलं," बाईजा म्हणाली.

"होळीनं कशाला, माझ्या पोरीनं केलं." काकीने थाळीवरचं झाकण काढलं. नव्या फेण्यांतल्या चार तळून आणल्या होत्या, अजून गरम. त्यातली एक मोडून तिने वैष्णवीच्या तोंडात घातली. "त्या सुपरवायझरला सकाळीच फोन करून सांगितलं, आता दुसरी बाई बघ, मी काय येत नाय. तो बोलला, बघितली."

कुठलंच खातं नसलेल्या कुणाही परक्या माणसाने ॲप उघडलं की हेच दिसतं, हे वैष्णवीला सांगायचं होतं. तोंडात फेणी होती. ती गिळेपर्यंत काकीने टेबलाशी बसकण मारली होती.

"खाली आधार नंबर टाका लिवलंय. मला वाटलं तूच टाकलेला बरा, आमच्याकडून काय चूक नको व्हायाला." तिने कमरेची पिशवी सोडली. बाकीच्यांनीही आपापली कार्डं काढली आणि टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी एकावर एक ठेवली. प्लॅस्टिक घातलेली, कडा झिजलेली, प्रत्येकावर एक जून.

वैष्णवीने वरचं कार्ड उचललं. ते काकीचं होतं. तिने पहिला आकडा दाबला, मग दुसरा, आणि तिचा अंगठा तिथेच थांबला. बायका दाटीने भोवती उभ्या होत्या. काकीला वाटलं, पोर गोंधळली. तिने हलकेच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सगळ्यांचं एकदम नको टाकू गो," ती म्हणाली. "एकेकीचं टाक, सावकाश. तुझ्या मशीनला भार व्हायचा."